इंग्रजीतला ‘ऑफन’: अर्थ, वाक्यातली जागा आणि नेहमी होणाऱ्या चुका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘ऑफन’चा नेमका अर्थ काय?

बरेचदा, पुष्कळदा, अनेकदा, वरचेवर. एखादी गोष्ट पुष्कळ वेळा घडते एवढंच हे क्रियाविशेषण सांगतं, नेमकी किती वेळा ते सांगत नाही. ‘ही ऑफन कॉल्स मी’ म्हणजे ‘तो मला बरेचदा फोन करतो’.

याचा दुसराही एक अर्थ आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. ‘डिक्शनरीज आर ऑफन हेवी’ हे वाक्य बघा. एकच शब्दकोश कधी जड होतो आणि कधी हलका, असं इथे म्हणायचं नाही. ‘पुष्कळसे शब्दकोश जड असतात’ असा याचा अर्थ. म्हणजे ‘ऑफन’ इथे वेळा मोजत नाही, वस्तू मोजतो. ‘धिस डिक्शनरी इज ऑफन हेवी’ हे वाक्य म्हणूनच निरर्थक ठरतं, कारण एका शब्दकोशाचं वजन बदलत नसतं. कर्ता अनेकवचनी असेल आणि सांगितलेला गुण कायमचा असेल, तर मराठीत ‘बरेचदा’ऐवजी ‘पुष्कळसे’ किंवा ‘बरेचसे’ घालून बघा; वाक्य लगेच सरळ होतं.

किती टक्के वेळा घडलं की ‘ऑफन’ म्हणायचं?

व्याकरणाच्या पुस्तकांत तक्ते असतात: ‘ऑलवेज’ 100 टक्के, ‘नेव्हर’ 0 टक्के आणि ‘ऑफन’ मधे कुठेतरी 60 ते 70 च्या आसपास. शब्दांचा उतरता क्रम लक्षात ठेवायला हे तक्ते बरे आहेत. तो क्रम असा: ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, ऑकेजनली, सेल्डम किंवा रेअरली, नेव्हर. आकड्यांवर मात्र विसंबू नका. ते शिकवण्याच्या सोयीसाठी ठरवलेले आहेत.

खरा हिशेब अपेक्षेचा असतो. वर्षातून चार वेळा परदेशी जाणाऱ्या माणसाबद्दल ‘ही ऑफन ट्रॅव्हल्स अब्रॉड’ म्हणता येतं, कारण सर्वसाधारणपणे माणसं इतक्यांदा जात नाहीत. तोच माणूस आठवड्यातून चार वेळाच दात घासत असेल, तर तिथे ‘ऑफन’ कोणी म्हणणार नाही, उलट ‘नॉट ऑफन इनफ’ म्हणतील. वर्षाला चार आणि आठवड्याला चार यांत दुसरा आकडा कितीतरी मोठा, तरी ‘ऑफन’ लागतो तो पहिल्याला. जे जितक्या वेळा घडेल असं ऐकणाऱ्याला वाटतं, त्याहून जास्त वेळा घडलं की ‘ऑफन’.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते: सूचना लिहिताना ‘ऑफन’ वापरू नका. ‘वॉटर द प्लांट ऑफन’ असं लिहिलं तर एक जण दिवसातून दोनदा पाणी घालील आणि दुसरा आठवड्यातून दोनदा. ‘एव्हरी टू डेज’ लिहिलं की प्रश्न मिटला. औषधं, यंत्रांची देखभाल, कागदपत्रांची तपासणी, सगळीकडे हेच.

‘युज्वली’ आणि ‘ऑफन’ एकमेकांच्या जागी चालतात का?

नाही. ‘युज्वली’ म्हणजे सहसा, एरवी; तोच नेम असतो आणि वेगळं घडलं तर तो अपवाद. ‘ऑफन’ला असा नेम लागत नाही. गाडी दहापैकी चार वेळा उशिरा येत असेल, तर ‘द ट्रेन इज ऑफन लेट’ बरोबर आहे, पण ‘युज्वली लेट’ चूक. दहापैकी आठ वेळा उशीर होत असेल तर ‘युज्वली’ योग्य. म्हणजे ‘ऑफन’ निम्म्याहून कमी वेळांनाही लागू शकतो.

इथे ‘नेहमी’ या शब्दाने घोटाळा होतो. मराठीत आपण ‘तो नेहमी उशिरा येतो’ असं सैलपणे म्हणतो आणि ऐकणाराही ते सैलपणेच घेतो. इंग्रजीत त्याचं थेट ‘ऑलवेज’ केलं की वाक्याला धार येते: एकही अपवाद नाही असा दावा होतो, किंवा तक्रारीचा सूर लागतो. कार्यालयीन पत्रात कुणाबद्दल ‘ऑलवेज’ लिहिण्याआधी ‘ऑफन’ किंवा ‘युज्वली’ने काम भागतं का ते बघाच.

आणि ‘फ्रीक्वेंटली’, ‘रेग्युलरली’?

‘फ्रीक्वेंटली’चा अर्थ जवळपास तोच, फक्त शब्द अधिक औपचारिक. अहवालात तो शोभतो, गप्पांत जड वाटतो. ‘रेग्युलरली’ मात्र वेगळा. त्यात नियमितपणा आहे, वारंवारता असेलच असं नाही. वर्षातून एकदा, पण दरवर्षी न चुकता तपासणी करून घेणारा माणूस ती ‘रेग्युलरली’ करून घेतो, ‘ऑफन’ नाही.

वाक्यात ‘ऑफन’ कुठे ठेवायचा?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

मुख्य क्रियापद एकटंच असेल तर त्याच्या आधी: ‘शी ऑफन रीड्स अ‍ॅट नाइट.’ कर्ता, ऑफन, क्रियापद.

क्रियापद ‘बी’चं रूप असेल (अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर) तर त्याच्या नंतर: ‘शी इज ऑफन टायर्ड.’ ‘शी ऑफन इज टायर्ड’ असं लिहू नका. बोलताना ‘इज’वर जोर द्यायचा असेल तेव्हाच ते ऐकू येतं.

सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकाच्या नंतर: ‘यू विल ऑफन फाइंड मिस्टेक्स हिअर.’ ‘धिस हॅज ऑफन बीन डिस्कस्ड.’ दुसऱ्या वाक्यात ‘हॅज’ आणि ‘बीन’ असे दोन सहायक आहेत. ‘ऑफन’ पहिल्याला चिकटतो. ‘हॅज बीन ऑफन डिस्कस्ड’ अगदीच चूक नाही, पण कानाला अवघडलेलं लागतं.

‘हॅव’ची गंमत वेगळी, कारण तो दोन्ही भूमिकांत येतो. ‘आय हॅव ऑफन सीन हिम’ यात ‘हॅव’ सहायक आहे, म्हणून ‘ऑफन’ नंतर. ‘आय ऑफन हॅव हेडेक्स’ यात ‘हॅव’ हेच मुख्य क्रियापद, म्हणून ‘ऑफन’ आधी. ‘हॅव टू’लाही मुख्य क्रियापदाचाच नियम: ‘वी ऑफन हॅव टू वेट.’

प्रश्नात कर्त्याच्या नंतर: ‘डू यू ऑफन वर्क लेट?’ ‘इज ही ऑफन अ‍ॅब्सेंट?’

छोट्या उत्तरात नियम उलटतो. ‘इज ही ऑफन लेट?’ याला ‘येस, ही ऑफन इज’ असं उत्तर येतं. वाक्य सहायकावरच संपत असेल तर त्यावर जोर पडतो आणि ‘ऑफन’ त्याच्या आधी सरकतो. ‘येस, ही इज ऑफन’ असं कोणी म्हणत नाही.

‘आय रीड ऑफन नॉव्हेल्स’ का चूक?

कारण इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे असं क्रियाविशेषण सहसा घुसवत नाहीत. मराठीत ‘मी बरेचदा कादंबऱ्या वाचतो’, ‘मी कादंबऱ्या बरेचदा वाचतो’, ‘बरेचदा मी कादंबऱ्या वाचतो’ ही तिन्ही वाक्यं चालतात. कर्ता कोण आणि कर्म कोण हे आपल्याकडे प्रत्ययांवरून, क्रियापदाच्या रूपावरून आणि संदर्भावरून कळतं, त्यामुळे शब्द हलवायला मोकळीक असते. इंग्रजीत ते काम शब्दांची जागा करते. म्हणून ‘आय ऑफन रीड नॉव्हेल्स’ किंवा ‘आय रीड नॉव्हेल्स क्वाइट ऑफन’. लिहून झाल्यावर एकच तपासा: क्रियापद आणि त्याचं कर्म शेजारी शेजारी आहेत ना?

वाक्याच्या शेवटी किंवा सुरुवातीला ठेवला तर?

शेवटी चालतो. त्यातही आधी ‘व्हेरी’, ‘क्वाइट’, ‘टू’ असं काही असेल, किंवा वाक्य नकारार्थी वा प्रश्नार्थक असेल, तर शेवटची जागाच जास्त सहज वाटते: ‘आय डोन्ट सी देम व्हेरी ऑफन.’ ‘डू यू कम हिअर ऑफन?’

सुरुवातीलाही चालतो: ‘ऑफन, द सिम्पलेस्ट आन्सर इज राइट.’ असं ठेवलं की ‘पुष्कळदा असं असतं की’ असा सूर येतो. ‘ऑलवेज’ आणि ‘नेव्हर’ साध्या विधानात असे पुढे आणता येत नाहीत. ‘रेअरली’, ‘सेल्डम’, ‘नेव्हर’ पुढे आणले तर कर्ता आणि सहायक यांची अदलाबदल करावी लागते: ‘रेअरली डू वी सी सच वर्क.’ ‘ऑफन’ पुढे आला तर अशी अदलाबदल लागत नाही; ‘ऑफन वी सी’ पुरेसं आहे. पण ‘नॉट ऑफन’ पुढे आला की नकार आला, आणि मग ‘नॉट ऑफन डू वी सी सच वर्क’ असंच लिहावं लागतं. हे जड वाटत असेल तर ‘इट्स नॉट ऑफन दॅट वी सी सच वर्क’ ही मोकळी रचना आहे.

‘डोन्ट ऑफन’ आणि ‘ऑफन डोन्ट’ यांत फरक आहे का?

मोठा फरक आहे, आणि तो चुकला तर भलताच अर्थ पोचतो.

‘ही डझन्ट ऑफन रिप्लाय.’ इथे नकार ‘ऑफन’च्या आधी आहे, म्हणून तो ‘ऑफन’लाच नाकारतो: उत्तर देणं वारंवार घडत नाही. मराठीत ‘तो फारसा उत्तर देत नाही’ किंवा ‘तो क्वचितच उत्तर देतो’.

‘ही ऑफन डझन्ट रिप्लाय.’ इथे ‘ऑफन’ आधी आहे, म्हणून उत्तर न देणं हीच वारंवार घडणारी गोष्ट ठरते. मराठीत ‘तो बरेचदा उत्तर देत नाही’. असा माणूस इतर वेळी भरपूर उत्तरं देतही असेल.

आकड्यांत बघू. शंभर पत्रांपैकी पाचांना उत्तर आलं, तर ‘डझन्ट ऑफन रिप्लाय’. साठांना उत्तर आलं आणि चाळीस तशीच राहिली, तर ‘ऑफन डझन्ट रिप्लाय’. पहिला माणूस जवळपास गप्पच, दुसरा बेभरवशाचा.

मराठीतून इंग्रजीत जाताना चूक बहुतेक एकाच दिशेने होते. मनात ‘बरेचदा देत नाही’ असतं, पण ‘डझन्ट ऑफन’ ही जोडी तोंडी बसलेली असल्यामुळे तीच बाहेर पडते आणि समोरच्यावर गरजेपेक्षा मोठा आरोप होतो. उपाय सोपा आहे. मराठी वाक्यात ‘बरेचदा’ असेल तर ‘ऑफन’ नकाराच्या आधी. ‘फारसा’ किंवा ‘क्वचितच’ असेल तर नकार ‘ऑफन’च्या आधी.

‘हाउ ऑफन’ आणि ‘हाउ मेनी टाइम्स’: कधी कोणतं?

मराठीतलं ‘कितीदा’ दोन्ही कामं करतं, म्हणून गोंधळ होतो. ‘हाउ ऑफन’ वारंवारता विचारतो: किती अंतराने, कितपत नियमाने. ‘हाउ मेनी टाइम्स’ मोजदाद विचारतो, आणि तीही बहुधा ठरावीक काळातली किंवा आजवरची. ‘हाउ मेनी टाइम्स डिड यू कॉल यस्टर्डे?’ याचं उत्तर ‘थ्री टाइम्स’. ‘हाउ ऑफन डू यू कॉल होम?’ याचं उत्तर ‘एव्हरी संडे’ किंवा ‘ट्वाइस अ वीक’. मोजदादीत ‘अ डे’, ‘अ वीक’ जोडलं की तीही वारंवारता होते: ‘हाउ मेनी टाइम्स अ डे?’

‘हाउ ऑफन’ला उत्तर देताना चुकणाऱ्या काही गोष्टी:

‘एक दिवसाआड’ म्हणजे ‘एव्हरी अदर डे’ किंवा ‘एव्हरी टू डेज’. ‘आफ्टर वन डे’ नव्हे. त्याचा अर्थ ‘एका दिवसानंतर’ असा एकदाच घडणारा होतो.

‘दर वीस मिनिटांनी’ म्हणजे नुसतं ‘एव्हरी ट्वेंटी मिनिट्स’. ‘-नी’ या प्रत्ययासाठी ‘इन’ किंवा ‘आफ्टर’ जोडायचा मोह होतो, पण काही जोडायचं नसतं.

‘वन टाइम’, ‘टू टाइम्स’ऐवजी ‘वन्स’, ‘ट्वाइस’. तीनपासून पुढे ‘थ्री टाइम्स’. हे सगळे वाक्याच्या शेवटी येतात, ‘ऑफन’सारखे मधे बसत नाहीत: ‘शी विजिट्स अस ट्वाइस अ मंथ.’

‘बायवीकली’ हा शब्द टाळलेलाच बरा. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे दोन्ही अर्थ शब्दकोशांत नोंदलेले आहेत. वेळापत्रकात तो लिहिणं म्हणजे गैरसमजाला जागा ठेवणं.

आणि प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की ‘डू’ गळतो: ‘हाउ ऑफन डू यू ट्रॅव्हल?’ पण ‘टेल मी हाउ ऑफन यू ट्रॅव्हल.’

‘ऑफन’सोबत कोणता काळ वापरायचा?

सवयीची गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ. मराठीच्या रीती वर्तमानकाळात आपण ‘मी तिथे बरेचदा जात असतो’ म्हणतो. त्यातलं ‘जात’ बघून ‘आय अ‍ॅम ऑफन गोइंग देअर’ असं भाषांतर होतं. सवय सांगायची तर ‘आय ऑफन गो देअर’ हवं. चालू क्रियेचं रूप तेव्हाच, जेव्हा दुसऱ्या एखाद्या क्षणी ती क्रिया चालू असते: ‘व्हेन आय कॉल, ही इज ऑफन स्लीपिंग.’ मी फोन करतो त्या क्षणी तो बरेचदा झोपलेला असतो.

‘मी जायचो’, ‘मी जात असे’ या रीती भूतकाळाला दोन वाटा आहेत: ‘आय ऑफन वेंट’ किंवा ‘आय वुड ऑफन गो’. ‘यूज्ड टू’ही चालतो, पण तो आता ती सवय सुटली असं सुचवतो. म्हणूनच आजही चालू असलेल्या सवयीसाठी ‘आय यूज्ड टू गो डेली’ म्हणणं चूक. ही चूक खूप पसरलेली आहे आणि ऐकणारा हमखास फसतो: तुम्ही रोज जाता, आणि त्याला वाटतं तुम्ही जाणं सोडलं.

आजवरच्या अनुभवासाठी पूर्ण वर्तमानकाळ: ‘आय हॅव ऑफन वंडर्ड व्हाय.’

‘सारखा किल्ल्या हरवतो’ यातल्या वैतागासाठी ‘ऑफन’ अपुरा पडतो. तिथे ‘ही इज ऑलवेज लूजिंग हिज कीज’ हीच रचना हवी. ‘ऑफन’ शांत शब्द आहे, तो तक्रार करत नाही.

उच्चार ‘ऑफन’ की ‘ऑफ्टन’?

दोन्ही मान्य आहेत आणि मोठे शब्दकोश दोन्ही देतात. ‘टी’ न उच्चारण्याची परंपरा जुनी आहे. ‘सॉफन’, ‘लिसन’, ‘फासन’ यांच्या स्पेलिंगमध्येही ‘टी’ असतो आणि तो उच्चारत नाहीत. ‘ऑफन’मधला ‘टी’ स्पेलिंगकडे बघून पुन्हा बोलण्यात आला आणि रुळला. त्या बाकीच्या तीन शब्दांत मात्र तो आलेला नाही, म्हणून ‘ऑफ्टन’ म्हणणाऱ्यांनीही ‘सॉफ्टन’, ‘लिस्टन’ म्हणू नये.

आघात पहिल्या अक्षरावर असतो आणि दुसरं अक्षर हलकं, जवळपास गिळलेलं. ‘ऑफ्टेन’ असा लांब ‘टेन’ चुकीचा आहे.

‘ऑफनली’ असा शब्द आहे का?

प्रमाण इंग्रजीत नाही. ‘ऑफन’ मुळातच क्रियाविशेषण आहे, त्याला ‘ली’ लागत नाही. विशेषण म्हणूनही तो वापरत नाहीत: ‘ऑफन विजिट्स’ नाही, ‘फ्रीक्वेंट विजिट्स’.

तुलनेसाठी ‘मोअर ऑफन’, ‘मोस्ट ऑफन’, ‘लेस ऑफन’. ‘ऑफनर’ शब्दकोशात सापडतो, पण आज फारसा वापरात नाही. ‘मच ऑफन’ चूक; ‘व्हेरी ऑफन’ किंवा ‘मच मोअर ऑफन’ बरोबर. ‘ऑफनटाइम्स’ हा एकच शब्द आहे, तो मुख्यतः अमेरिकी इंग्रजीत ऐकू येतो आणि अर्थात काहीच भर घालत नाही. जुना ‘ऑफ्ट’ आता ‘ऑफ्ट-रिपीटेड’सारख्या जोडशब्दांत उरला आहे.

‘ऑफन’ असलेले कोणते वाक्प्रचार माहीत असायला हवेत?

‘मोअर ऑफन दॅन नॉट’ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा, बहुतेकदा. ‘अ‍ॅज ऑफन अ‍ॅज नॉट’ म्हणजे साधारण निम्म्या वेळा.

‘एव्हरी सो ऑफन’ने पुष्कळ जण फसतात. शब्दात ‘ऑफन’ आहे, अर्थ मात्र ‘मधूनमधून’, ‘अधूनमधून’ असा आहे. ‘वी मीट एव्हरी सो ऑफन’ म्हणजे आम्ही वरचेवर नाही, अधूनमधून भेटतो. त्यातला ‘एव्हरी’ चुकून ‘एव्हर’ झाला तर ‘एव्हर सो ऑफन’चा अर्थ ‘अगदी वारंवार’ असा उलटा होतो, तेव्हा लिहिताना जपा.

‘ऑल टू ऑफन’मध्ये खंत असते: व्हायला नको तितक्या वेळा. ‘वन्स टू ऑफन’ त्याहून पुढचा. एखादा धोका पत्करत राहिलेला माणूस शेवटी अडकतो, तेव्हा ‘ही टुक द रिस्क वन्स टू ऑफन’ म्हणतात. आजवर निभावलं, या खेपेला भोवलं.

एका शब्दात उत्तर द्यायला ‘ऑफन’ चालतो का?

चालतो. ‘डू यू कुक?’ ‘येस, ऑफन.’ किंवा ‘नॉट व्हेरी ऑफन.’ नुसतं ‘नो, ऑफन’ मात्र म्हणू नका. नकार आणि ‘ऑफन’ यांचा संबंध तुटतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते कळत नाही. ‘नो, नॉट ऑफन’ म्हणा.